वाचता येईल असे नाणे

शिवराई हातात घेतली की पहिल्यांदा जाणवते ते हे, की तिच्यावर सगळा मजकूर नाही. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान. त्यामुळे एकीवर ‘श्री’ अर्धीच उमटलेली, दुसरीवर ‘शिव’मधला ‘व’ काठाबाहेर गेलेला, तिसरीवर काठाचे ठिपके एका अंगाला स्वच्छ आणि दुसऱ्या अंगाला अजिबात नाहीत. १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, आणि शिवराई तेव्हापासूनची. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असा मजकूर असलेली ही नाणी पुढे पेशवाईतही पाडली जात होती. इतक्या वर्षांत, इतक्या ठिकाणी, इतक्या कारागिरांच्या हातून ती पडली की लेखनाचे प्रकार मोजता मोजता संग्राहक थकून जातात. ‘शिव’, ‘सिव’, ‘सीव’, ‘पति’, ‘पती’. ‘श’ आहे की ‘स’, वेलांटी पहिली की दुसरी, यावर नाण्याचा प्रकार ठरतो आणि प्रकारावरून पुढचे अंदाज बांधले जातात. सगळा वाद कधी कधी मिलिमीटरच्या काही दशांशाइतक्या जाड रेघेवर येऊन ठेपतो.

ती रेघ फोटोत दिसली पाहिजे. या पुस्तकाचे सगळे म्हणणे या एका अपेक्षेतून निघाले आहे.

नाण्याचा फोटो बहुतेक वेळा ज्याने काढला त्याच्यासाठी नसतोच. त्याच्याकडे नाणे आहे, तो ते खिडकीशी नेऊन, भिंगाखाली धरून, तिरके करून पाहू शकतो. फोटो असतो तो साताऱ्यात किंवा लंडनमध्ये बसलेल्या त्या माणसासाठी, ज्याच्या हातात हे नाणे कधीच येणार नाही आणि तरीही ज्याला त्यावर मत द्यायचे आहे. त्याला नाणे फिरवून पाहता येत नाही. आपण जो उजेड निवडला, जो कोन निवडला, तेवढ्यावरच त्याला भागवावे लागते. म्हणून मी नाण्याच्या फोटोला चित्र न मानता पुरावा मानतो, आणि कॅमेरा कुठला घ्यावा या प्रश्नाचे उत्तरही तिथूनच शोधतो.

नाणकशास्त्रातली ही अडचण कॅमेऱ्याहून जुनी आहे. कलकत्त्याच्या टाकसाळीत धातुपरीक्षक असलेला जेम्स प्रिन्सेप, ज्याने १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली, तो नाण्यांची चित्रे स्वतः काढत असे. पण चित्र काढणाऱ्याला जे अक्षर समजले, तेच चित्रात उतरते. न समजलेले अक्षर नकळत सोपे होऊन जाते. पुढे फोटो आले तेव्हा धातूच्या चकाकीने अभ्यासकांना सतावले. म्हणून एकोणिसाव्या शतकापासून पुढे कितीतरी वर्षे नाण्याचा प्लॅस्टरचा साचा घेऊन त्याचा फोटो छापण्याची पद्धत होती. प्लॅस्टर पांढरे, निस्तेज. त्यावर उठाव आणि सावली तेवढी दिसते. जुन्या सूचीग्रंथांच्या शेवटी पांढुरक्या वर्तुळांनी भरलेली पाने असतात, ती अशी तयार झालेली. त्यात अक्षर वाचता येते, पण धातूचा रंग, गंज, घासल्याच्या खुणा सगळे नाहीसे होते. डिजिटल कॅमेऱ्याने या दोन्ही गोष्टी एकाच फोटोत आणणे शक्य केले आहे. नुसता कॅमेरा विकत घेऊन मात्र ते घडत नाही.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे सापडलेला ठेवा घ्या. क्षत्रप नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी त्यात निघाली. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. हरलेल्या राजाचा चेहरा खाली, आणि त्यावर जिंकलेल्या राजाचे तीन कमानींचे चैत्य आणि उज्जयिनी चिन्ह. महाराष्ट्राच्या इतिहासातला एक मोठा संघर्ष जेमतेम दीड सेंटिमीटर व्यासाच्या चकतीवर दोन थरांत उमटला आहे. अशा नाण्याचा फोटो काढताना वरचा ठसा सहज येतो. खालचा येण्यासाठी उजेड कुठून आणि किती खालून टाकायचा, याचा विचार करावा लागतो. खालच्या थरात नहपानाच्या नाकाची रेघ आहे की नाही, हे दाखवणारा फोटो आणि न दाखवणारा फोटो एकाच कॅमेऱ्याने, एकाच दिवशी काढता येतात.

तरीही कॅमेऱ्यापासून सुरुवात करू, कारण प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच असतो. मी उलट प्रश्न विचारतो: तुमची नाणी केवढी आहेत? शिवराई साधारण २० मिलिमीटरची, ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया ३०.५ मिलिमीटरचा, नहपानाचे नाणे पंधराच्या आसपास. दक्षिणेकडची सोन्याची फणमे तर नखाहून लहान. आता एपीएस-सी आकाराच्या सेन्सरची उंची सुमारे १५.६ मिलिमीटर असते. नाण्याभोवती थोडी मोकळी जागा सोडून नाण्याची प्रतिमा सेन्सरवर १४ मिलिमीटरची पडावी असे धरले, तर शिवराईसाठी ०.७ पट मोठेपणा लागतो, रुपयासाठी निम्म्याहून किंचित कमी, नहपानासाठी जवळपास एकास एक. म्हणजे एकास एकपर्यंत जाणारी साधी मॅक्रो लेन्स या सगळ्यांना पुरते. फणमांसाठी तेवढी वेगळी सोय करावी लागते. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर २४ मिलिमीटर उंच. त्यावर शिवराईने चौकट भरायची तर एकास एकच्याही थोडे पुढे जावे लागते. लग्नसमारंभात फुल-फ्रेमचा जो फायदा आहे, तो नाण्यांच्या टेबलावर फारसा उरत नाही. केवळ नाण्यांसाठी कोणी फुल-फ्रेम घेऊ पाहत असेल, तर मी त्याला परावृत्त करीन.

मेगापिक्सेलचेही तसेच. १६ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी कॅमेऱ्यात वरच्या हिशेबाने शिवराईच्या प्रत्येक मिलिमीटरला सुमारे १४५ पिक्सेल मिळतात. ०.२ मिलिमीटर जाडीची वेलांटी जवळपास ३० पिक्सेल रुंद दिसेल. पुस्तकात साडेसात सेंटिमीटर व्यासाचे चित्र छापायला ९०० पिक्सेल पुरतात, आणि आपल्याकडे त्याच्या तिप्पट आहेत. तेव्हा दहा-बारा वर्षांपूर्वीचा, चांगल्या अवस्थेतला, कोणत्याही नावाजलेल्या कंपनीचा बॉडी घ्यावा. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात किंवा तुमच्या गावातल्या जुन्या स्टुडिओवाल्याकडे तो मिळेल. मात्र चार गोष्टी त्यात हव्यातच: लाइव्ह व्ह्यूमध्ये चित्र दहापट मोठे करून फोकस पाहता यावा, अॅपर्चर, शटर आणि आयएसओ तिन्ही हाताने ठरवता यावेत, रॉ फाइल मिळावी, आणि शटर हात न लावता दाबता यावे. कॅमेऱ्याला तारेने संगणक जोडून मोठ्या पडद्यावर चित्र पाहता आले तर काम फारच सुखाचे होते.

वाचलेले पैसे लेन्सवर घालावेत. ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स मी सुचवतो, त्याचे कारण उजेडात आहे. छोट्या फोकल लेंग्थची लेन्स एकास एकला नाण्याच्या अगदी डोक्यावर येते, आणि मग दिवा आत शिरायला जागाच राहत नाही. १०० मिलिमीटरच्या लेन्सखाली वीतभर नाही तरी चांगली मोकळी जागा उरते. ज्यांच्याकडे जुनी ५० मिलिमीटरची लेन्स पडून आहे, त्यांनी २५ मिलिमीटरची एक्स्टेंशन ट्यूब लावून पाहावी. अनंतावर फोकस ठेवला तर बरोबर निम्मा मोठेपणा मिळतो, म्हणजे रुपया चौकटीत भरतो. डार्करूममधल्या एन्लार्जरची लेन्सही या कामाला उत्तम. ती सपाट निगेटिव्हवरून सपाट कागदावर चित्र नेण्यासाठीच बनवलेली असते, त्यामुळे काठापर्यंत रेखीव राहते. एन्लार्जर मिळालाच तर त्याचा खांब आणि पाटही सोडू नका. डोके काढून तिथे कॅमेरा बसवला की पक्का कॉपी स्टँड तयार होतो. ट्रायपॉडचा मधला दांडा आडवा करूनही काम होते, पण तो डुलतो. शिवाय खांबावर पेन्सिलीने खूण करून एका मालिकेतली सगळी नाणी एकाच उंचीवरून टिपता येतात, आणि मग त्यांचे आकार एकमेकांशी थेट ताडून पाहता येतात. ट्रायपॉडवर ही सोय नाही.

मांडणीतली एक युक्ती इथेच सांगून टाकतो, कारण तिच्यावाचून पुढचे सगळे वाया जाते. सेन्सर आणि नाणे समांतर हवेत. ०.७ पट मोठेपणाला एफ/८ वर जेमतेम एक मिलिमीटर खोली फोकसमध्ये राहते, त्यामुळे किंचित कल झाला तरी ‘श्री’ स्पष्ट आणि ‘शिव’ धूसर असा फोटो येतो. पाणसळ लावून अंदाज येतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे नाण्याच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवणे. लाइव्ह व्ह्यूमध्ये लेन्सचे स्वतःचेच प्रतिबिंब दिसेल. ते चौकटीच्या बरोबर मध्यभागी येईपर्यंत कॅमेरा हलवा, स्क्रू आवळा, आरसा उचला. हातोड्याने पाडलेले नाणे स्वतःच एका बाजूला जाड असते. त्याच्या खाली कागदाची घडी सरकवून चेहरा सपाट करावा लागतो. छताचा पंखा बंद करा. शटर दोन सेकंदांच्या टायमरवर ठेवा, आणि कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक पहिल्या पडद्याची सोय असेल तर ती चालू करा, म्हणजे शटरचा स्वतःचा धक्काही टळतो.

अॅपर्चरबद्दल एक सार्वत्रिक समज आहे, की ते जितके बारीक तितका फोटो स्पष्ट. जवळून काढलेल्या फोटोत तो उलटतो. लेन्स जितकी पुढे जाते तितके अॅपर्चर प्रत्यक्षात आणखी बारीक वागते: एफ/८ लावले आणि मोठेपणा एकास एक असेल तर ते एफ/१६ सारखे होते. एफ/२२ लावले तर विवर्तनामुळे सगळे चित्र मऊ पडते आणि वेलांटीची धार जाते. एफ/५.६ ते एफ/८ एवढ्यातच राहावे, रुपयासारख्या मोठ्या नाण्याला एफ/११ चालेल. आयएसओ सर्वांत खालचा. शटर कितीही वेळ उघडे राहो. नाणे कुठे पळत नाही.

आता उजेड. पुस्तकाची निम्मी पाने मी उजेडाला दिली आहेत, कारण फोटो बिघडतात ते मुख्यतः इथे.

एक शिवराई करड्या कागदावर ठेवा. खोलीतले दिवे बंद करा, खिडकीचा पडदा ओढा, आणि वाकवता येईल अशा मानेचा एकच एलईडी दिवा हातात घ्या. तो नाण्याच्या बराच वर धरला तर तांबे सारखे उजळते आणि अक्षरे जवळजवळ दिसेनाशी होतात. दिवा हळूहळू खाली आणा. अक्षरांच्या एका कडेला उजळ रेघ उमटते, दुसऱ्या कडेला सावली, आणि ‘राजा’ वर उचलला जातो. आणखी खाली आणा, टेबलाच्या पातळीपर्यंत. आता सावल्या इतक्या लांबतात की एका अक्षराची सावली शेजारच्या अक्षरावर पडते आणि चुकीचे वाचन होऊ शकते. मधली जागा सापडली की दिवा त्याच उंचीवर ठेवून नाण्याभोवती फिरवा. जी रेघ उजेडाच्या दिशेला समांतर आहे, तिला सावलीच पडत नाही आणि ती पुसली जाते. काटकोनात असलेली रेघ ठळक होते. ‘श’ला लागलेली वेलांटी एका बाजूने स्पष्ट दिसते आणि दुसऱ्या बाजूने नसल्यासारखीच. झिजलेल्या नाण्यावर ‘शिव’ की ‘शीव’ हा वाद निव्वळ दिव्याच्या जागेमुळे उभा राहू शकतो. म्हणून अशा नाण्याचे दोन फोटो, दोन दिशांनी उजेड टाकून काढावेत, असा माझा आग्रह आहे. एक मुख्य, एक साक्षीला.

मुख्य फोटोत उजेड वरून, घड्याळातल्या दहा-अकराच्या दिशेने यावा. ही केवळ रूढी नाही. उजेड वरून येतो असे आपला डोळा गृहीत धरतो, आणि तो खालून टाकला तर उठावाची अक्षरे खोदल्यासारखी दिसू लागतात. दुसरा, मंद दिवा किंवा पांढऱ्या कार्डाचा तुकडा समोरून धरला तर सावल्यांत थोडा तपशील येतो. दिव्यासमोर बटर पेपर धरला की उजेड मऊ होतो. चकचकीत चांदीच्या रुपयाला तो लागतोच. काळपट, गुळगुळीत झालेल्या तांब्याला मात्र मऊ उजेड मारक ठरतो, तिथे उघडा दिवा बरा.

आरशासारख्या चमकदार नाण्यांसाठी वेगळी रीत आहे. लेन्स आणि नाणे यांच्या मध्ये स्वच्छ पातळ काच पंचेचाळीस अंशांत तिरकी धरायची आणि दिवा बाजूने आडवा टाकायचा. काचेवरून थोडा उजेड सरळ खाली नाण्यावर जातो आणि तसाच वर लेन्समध्ये येतो. सपाट भाग उजळ आणि अक्षरांच्या उतरत्या कडा गडद, असे काहीसे छापील अक्षरांसारखे चित्र मिळते. बहुतेक उजेड काचेतून पलीकडे निघून जातो, म्हणून पलीकडे काळा कागद लावावा आणि शटर अधिक वेळ उघडे ठेवावे.

रंगाबद्दल थोडक्यात. दोन प्रकारचे दिवे एकत्र कधीही लावू नका. खिडकीचा निळसर उजेड आणि बल्बचा पिवळा एकाच नाण्यावर पडला तर तो नंतर कशानेही वेगळा करता येत नाही. रंग नीट दाखवणारे, सीआरआय नव्वदीच्या पुढचे एलईडी घ्या आणि करड्या कार्डावरून व्हाइट बॅलन्स ठरवून तो पक्का करा. भडक रंगाचा सदरा घालून काम करू नका, त्याची झाक चांदीवर पडते. कॅमेऱ्याच्या स्वयंचलित एक्स्पोजरवरही विसंबू नका. पांढऱ्या कागदावरची काळी शिवराई पाहून तो कागदाची काळजी घेतो आणि नाणे काळे ठिक्कर करतो.

मोबाइलचे काय, असे विचारले जाणारच. जुना बाजार धुंडाळताना, नातेवाइकाच्या देवघरात एखादे नाणे दिसल्यावर, मोबाइलने काढलेला फोटो न काढलेल्या फोटोपेक्षा शतपटीने चांगला. पण त्याच्या दोन सवयी माहीत असाव्यात. बहुतेक फोनचा मॅक्रो मोड अतिरुंद लेन्स वापरतो. तो नाण्याच्या इतका जवळ जातो की फोनचीच सावली पडते आणि चकतीचा आकारही बदलतो. थोडे लांब राहून दुप्पट झूमवर काढावे. दुसरी सवय जास्त घातक: फोन स्वतःच कडा धारदार करतो, डाग गुळगुळीत करतो. झिजलेल्या अक्षराची जी कड नाण्यावर नाही, ती फोटोत दिसू शकते. अशा फोटोवरून प्रकार ठरवू नये.

हीच शिस्त संगणकावरही. प्रकाश कमी-जास्त करणे, रंग जुळवणे, चौकट कापणे इथपर्यंत हरकत नाही. धार वाढवण्याचा मोह आवरावा, आणि मूळ रॉ फाइल कधीही पुसू नये. नाण्याला हात लावण्याबद्दल तर मी याहून कडक आहे. चिंच, राख, पितांबरी, लिंबू लावून शिवराया लख्ख करण्याची सवय घरोघरी आहे. तांब्यावर वर्षानुवर्षांत जमलेला थर त्या नाण्याचे वय सांगतो, आणि तो एका घासण्यात जातो, अक्षरांच्या कडाही घेऊन जातो. पहिला फोटो नाणे जसे मिळाले तसा, मातीसकट काढा. नाणी जमिनीत सापडली असतील तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. तिथेही नाणी कशी, कुठल्या भांड्यात, कुठल्या क्रमाने निघाली याचे फोटो अभ्यासकाला अमूल्य असतात, आणि ती संधी पुन्हा येत नाही.

नाण्याच्या दोन बाजूंबरोबर काठाचाही फोटो घ्यावा. बाजारात नकली शिवराया खूप आहेत. ओतीव नकलेच्या काठावर साच्याची सांधरेघ आणि पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसतात. ठोकून पाडलेल्या नाण्यावर ते दिसत नाहीत. काठाचा फोटो नसल्याने एरवी चांगल्या सूचीतली नाणीही संशयात राहतात.

शेवटी नोंद. मिलिमीटरची पट्टी एका तरी फोटोत असावी. वजन दशांशापर्यंत, व्यास, धातू, कुठे आणि केव्हा मिळाले, आणि नाणे उभ्या आसावर फिरवल्यावर मागची बाजू सरळ येते की उलटी, हे सर्व त्याच दिवशी लिहून ठेवावे. फाइलच्या नावात नाण्याचा क्रमांक, बाजू आणि उजेडाची दिशा आली की पाच वर्षांनी शोधताना त्रास होत नाही. या नोंदीचा कोरा तक्ता पुस्तकाच्या शेवटी दिला आहे. त्याच्या झेरॉक्स काढून घ्या. मूळ पान फाडू नका.